किरणांनंतरचा काढा

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘रेडिएशनने लाल पेशी फुटतात. तुळशीतलं फ्लेव्होनॉइड रक्तपेशींना कवच देतं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. सीटी स्कॅननंतर सात दिवस, आणि कॅन्सरचं रेडिएशन चालू असेपर्यंत रोज, तुळस-कांद्याचा काढा घ्या. एकाच्या पांढऱ्या पेशी पंधरा दिवसांत दुप्पट झाल्या.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघण्यात गेली, आणि आमच्या विंगमधले एक काका सध्या पनवेल लोकल पकडून खारघरला रेडिएशनसाठी जातात. म्हणून लिहायला बसलो.

‘सिद्ध केलंय’ हे अगदीच हवेतलं नाही. मणिपालला पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळशीतून ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही दोन फ्लेव्होनॉइडं (वनस्पतींत सापडणारी एका कुळातली द्रव्यं) वेगळी काढली. किरण देण्याआधी ती उंदरांना टोचली, तेव्हा अस्थिमज्जेतल्या गुणसूत्रांची मोडतोड कमी झाली. पुढे २००१ साली माणसाच्या रक्तावर परीक्षानळीत केलेल्या प्रयोगातही लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये तसंच दिसलं. काम चांगलंच आहे. पण त्यातला ‘आधी’ हा शब्द फॉरवर्ड होता होता कुठेतरी गळाला, आणि सगळी गोम त्याच शब्दात आहे.

पेशीत बहुतांश पाणीच. किरण पाण्याच्या रेणूवर आदळले की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि डीएनएवर तुटून पडतात. त्यांचं आयुष्य नॅनोसेकंदांचं. त्यांना अडवायचं तर फ्लेव्होनॉइड त्या क्षणी, त्या पेशीत, पुरेशा प्रमाणात हजर हवं. स्कॅन उरकून घरी येऊन काढा उकळेपर्यंत ती झटापट केव्हाच संपलेली असते.

बरं, आधी प्यायला तर? नळीतल्या प्रयोगांत फ्लेव्होनॉइडचं प्रमाण बहुधा दहा मायक्रोमोलर (द्रावणातली तीव्रता मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त असतं. कांद्यातलं क्वेरसेटिन हे फ्लेव्होनॉइड भरपूर कांदा खाऊनही रक्तात साधारण एका मायक्रोमोलरच्या आतच राहतं, तेही आतड्यानं आणि यकृतानं रूप पालटून सोडलेलं.

लाल पेशी फुटतात म्हणे! परिपक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे मोडायला डीएनए नाही; ती आपले १२० दिवस बहुतेक निमूट काढते. आधी कोसळतात त्या लिम्फोसाइट. पण रिपोर्टमध्ये ती घसरण दिसायला सबंध अंगाला साधारण ५०० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) तरी बसावे लागतात. पोटाच्या एका सीटीत मिळतात दहाच्या आसपास.

पेशी दुप्पट झाल्या, असेलही. जंतुसंसर्ग झाला तरी वाढतात, स्टेरॉइडनं वाढतात, पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठीच देतात त्या फिल्ग्रास्टिमच्या इंजेक्शननं वाढतात, आणि उपचारात खंड पडला की आपल्या आपणही सावरतात. त्या ‘एका’ला यातलं काय काय चालू होतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

मला खरी धास्ती रोजच्या काढ्याची आहे. कवच जर खरंच मिळत असेल, तर ते फक्त रक्तपेशींनाच मिळेल आणि कॅन्सरच्या गाठीला मिळणार नाही, हे कुणी ठरवलं? कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली होती, २००५ साली निष्कर्ष छापून आले. रेडिएशनच्या काळात ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन दिल्यावर त्रास कमी झाला, पण कॅन्सर उलटण्याकडे कल मात्र गोळ्या घेणाऱ्यांत जास्त दिसला. ती फ्लेव्होनॉइडं नव्हती, मान्य. पण अँटिऑक्सिडंटची, म्हणजे असे रॅडिकल अडवणाऱ्या द्रव्यांची, जातकुळी तीच.

काकांना मी भाजीतला कांदा किंवा चहातली दोन पानं सोडायला सांगितलेलं नाही. काढ्याची बाटली तेवढी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा म्हटलं. ते कबूल झाले. काकू मात्र दोन दिवस झाले, जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत.