मोठी पिन ‘आधारासाठी’ नसते

‘दुकानदार कधीच सांगणार नाही अशा कॉम्प्युटरच्या सात गोष्टी’ नावाचा फॉरवर्ड सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘एका हार्डवेअर इंजिनिअरच्या अनुभवातून’ असं लिहिलंय; नाव अर्थातच नाही. सातातल्या चार गोष्टी नुसत्या निरुपयोगी आहेत, त्यांच्यासाठी कुणी लिहायला बसलं नसतं. पण काल मावशीचा मेसेज आला, ‘अगं, घरात पक्कड आहे, ते चौथ्या नंबरचं करून टाकू का?’ म्हणून हे लिहितेय.

चौथा नंबर असा: ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? थ्री-पिनमधली जाड पिन फक्त आधारासाठी असते. तिच्यातूनच उलटा करंट येतो. ती कापा किंवा टू-पिन लावा. त्रास कायमचा बंद.’

पहिलं, आधारासाठी. आपल्याकडच्या प्लगचं मानक आहे आयएस १२९३. त्यात अर्थची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वायरची, पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड आहे, ती मुद्दाम. प्लग खोचताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा, उपसताना सगळ्यात शेवटी सुटावा आणि चुकूनही ती पिन फेजच्या भोकात जाऊ नये, यासाठी.

आता झिणझिण्या. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस असतो, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरजोगी करणारा डबा. त्याच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात दोन चिमुकले कपॅसिटर, बहुतेक वेळा निळ्या चकतीसारखे: एक फेजपासून बॉडीला (कॅबिनेटच्या पत्र्याला), दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. साधारण २.२ ते ४.७ नॅनोफॅरडचे. एसएमपीएस आतल्या आत विजेचा जो खडखडाट करतो, तो लाइनवर न जाता अर्थमध्ये जिरावा हे त्यांचं काम. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ४.७ नॅनोफॅरडमधून सुमारे ०.३४ मिलिअँपिअर झिरपतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थ तुटला की बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. टेस्टर लावला तर पेटतो. पायात चप्पल नसेल आणि फरशी ओली असेल तर चिमटा बसतो. थोडक्यात, झिणझिण्या येतात कारण अर्थ पोचत नाही. आणि यावर फॉरवर्डचा उपाय काय, तर अर्थच काढून टाका! कडी लागत नाही म्हणून दारच उचकटायचं.

माझं खरं मानू नका, आयएस १३२५२ (भाग १) बघा. आपल्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर, अडॅप्टर यांची बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी या मानकावरून होत आली आहे. अर्थ जोडलेल्या थ्री-पिनच्या अशा उपकरणाला ते ३.५ मिलिअँपिअरपर्यंत गळती चालवून घेतं. अर्थ नसलेल्या, हात लागू शकेल अशा भागाला मात्र फक्त ०.२५. चौदा पटींचा फरक आहे. वरची सूट पिन जागेवर आहे असं गृहीत धरूनच दिलेली आहे. तुम्ही पिन कापता तेव्हा ३.५ची मुभा घेऊन बनवलेलं यंत्र ०.२५च्या जागी नेऊन ठेवता.

आणि झिणझिण्या हा धोका नाहीच. धोका पुढे आहे. एसएमपीएसच्या आत कधी फेजच्या वायरचं इन्सुलेशन वितळतं, कधी सुटलेला स्क्रू नको तिथे जाऊन बसतो. अर्थ असेल तर त्या क्षणी मोठा करंट अर्थमध्ये धावतो आणि घरातल्या बोर्डावरचा एमसीबी पडतो, वीज तुटते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याला एवढं मोठं निमित्तही लागत नाही. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही. कॅबिनेट २३० व्होल्टवर शांत उभं राहतं, पंखा फिरतोय, दिवा लागलाय. मग आरसीसीबी पडणार तो कुणाचा तरी हात लागल्यावर, त्या माणसातून करंट गेल्यावर. आणि आरसीसीबी नसलेली घरं काही कमी नाहीत. शिवाय प्रश्न एकट्या कॅबिनेटचा नाही. व्हीजीए, एचडीएमआय, यूएसबी या केबलींची धातूची टोकं बॉडीलाच जोडलेली असतात. म्हणजे तोच करंट मॉनिटरच्या स्क्रूपर्यंत, प्रिंटरच्या पत्र्यापर्यंत पोचतो.

माणूस वाचला तरी पोर्ट जातात. ११५ व्होल्टवर तरंगणारं कॅबिनेट टीव्हीला एचडीएमआयने जोडायला गेलात आणि टीव्ही कुठल्यातरी केबलमार्गे अर्थला बांधलेला असेल, तर टोक टेकताना बारीक ठिणगी पडते. तेवढ्यात पोर्ट मरू शकतो. स्पाइक गार्डमध्ये अर्थच्या भरवशावर बसवलेले भागही अर्थ गेल्यावर नुसते पाहुणे.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. पिन काढल्यावर झिणझिण्या खरंच थांबल्या असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. इमारतीचा अर्थ जमिनीपर्यंत पोचतच नसेल, पण घरातली सगळी सॉकेटं एकाच हिरव्या वायरने एकमेकांना जोडलेली असतील, तर गीझरमधला बिघाड त्या वायरवरून कॅबिनेटपर्यंत येतो. तेव्हा ‘उलटा करंट’ हे शब्द अगदीच चूक नाहीत. पण तिथे पिन कापून कॅबिनेट गप्प झालं तरी गीझर तसाच राहतो, आणि त्याच्याखाली माणूस ओल्या अंगाने उभा असतो.

‘मग लॅपटॉपचा चार्जर टू-पिन कसा चालतो?’ हा प्रश्न येणारच. त्यावर एकात एक दोन चौकोनांची खूण बघा. दुहेरी इन्सुलेशन, आणि ०.२५ची मर्यादा पाळून केलेली रचना. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना थोडा झिणझिणतो तो या मर्यादेतल्या गळतीमुळेच. डेस्कटॉपचा एसएमपीएस त्या जातीचा नाही.

मावशी, पक्कड ठेवून दे आणि हे कर. आधी एक्स्टेन्शन बोर्ड तपास. स्वस्तातल्या बोर्डांना भोकं तीन आणि आतली वायर दोनच कोअरची असते. बोर्ड भिंतीतून काढून मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या जाड पिनला, दुसरं बोर्डाच्या मोठ्या भोकात. बीप नाही तर बोर्ड फेकायचा. हेच कॅबिनेटच्या पॉवर कॉर्डलाही, जाड पिन ते दुसऱ्या टोकाचं मधलं भोक. दोन्ही ठीक असतील तर सॉकेट. इथून पुढचं वायरमनकडून करून घ्यायचं, पण तो काय मोजतोय ते कळावं म्हणून सांगते. मीटर एसी ७५० व्होल्टवर. समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ १०० वगैरे दिसलं तर अर्थ मेलेला आहे. आणि न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, घरात इस्त्री-गीझर चालू असतानाही शून्यच राहिलं, तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवलेले असू शकतात. तो जुगाड सर्वांत वाईट: मागे कुठे न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर थेट फेज.

मीटरला हलका अर्थही खरा वाटतो. म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावून बघायचा. झगझगीत पेटला तर अर्थ आहे. आरसीसीबी पडला तर अर्थ कुठेतरी जोडलेला आहे एवढंच कळतं, तो भक्कम आहे असं नाही. मिणमिणला तर मीटर बोर्डावरचा गंजलेला नटबोल्ट आणि खाली सोसायटीचा अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा तपासायचा. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं असतं, हे सोसायटीत कुणाच्याच लक्षात नसतं.

बाकीचं भराभर. एफ५ दाबून रॅम साफ होत नाही, डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. एसएसडी दर आठवड्याला डिफ्रॅग करायची नाही. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, विंडोज तिच्यासाठी वेगळं ऑप्टिमाइझ स्वतःच करतं. ‘निळ्या यूएसबी पोर्टात माउस लावला तर जळतो’ हे तर हद्दच: साधा आणि निळा, दोन्ही पोर्ट ५ व्होल्टचेच, साधा ५०० मिलिअँपिअर द्यायला तयार, निळा ९००, आणि किती घ्यायचा ते माउस ठरवतो. हां, वायरलेस माउसचा डोंगल निळ्या पोर्टात, पोर्टेबल हार्ड डिस्कच्या शेजारी लावला तर बाण अडखळतो. निळ्या पोर्टाच्या यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे डोंगलच्याच लहरींवर, येतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. पण अडखळणं वेगळं, जळणं वेगळं. पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढायला विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बऱ्यापैकी मुभा आहे हे खरं, फक्त कॉपी चालू असताना नाही.

सातवा, ‘लेझर प्रिंटर यूपीएसलाच जोडा’. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा. लेझर प्रिंटरचा फ्यूझर (शाई कागदावर वितळवणारा रूळ) तापताना सहज त्याच्या दुप्पट मागतो. यूपीएस ओव्हरलोडने बंद पडतो आणि ज्याच्यासाठी तो घेतला तो कॉम्प्युटरही सोबत जातो. प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटात.

सहावा, ‘टकटक करणारी हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा’. तबकडी आणि हेड यांच्यात काही नॅनोमीटरची फट असते. डिस्क बाहेर काढल्यावर तिच्यावर जे दव धरतं त्याचा एक थेंब त्या फटीच्या हजारो पट मोठा. पोर्टेबल डिस्क टकटकत असेल तर एकदाच, छोट्या केबलने, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावून बघा. लांब केबल आणि पुढच्या पोर्टातून पुरेसा करंट न मिळाल्यानेही ती तसा आवाज करते. तिथेही टकटकली तर काढून ठेवा. विंडोजची ‘चेक डिस्क’ दुरुस्ती चालवू नका, झाकण उघडू नका, ‘आता चालते का’ म्हणून पुन्हा लावू नका. हेड निकामी झालेलं असलं तर दर वेळी चालू करताना ते तबकडी खरवडतं, आणि खरवडलेल्या जागेवरचे फोटो रिकव्हरीवालाही परत आणू शकत नाही.