हप्ता दर महिन्याला, कमाई गणपतीच्या हंगामात

गेल्या आषाढात कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो होतो, तेव्हा माझी भाची एका कारखान्यात पाटावर बसून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होती. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास रोखून ती भुवईची रेघ ओढत असतानाच शेजारचा मोबाइल वाजला; रेघ पुरी झाल्यावरच तिने तो पाहिला. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचा मेसेज होता. हंगाम असल्यामुळे बी.एफ.ए. ही कलेची पदवी घेतलेली ही मुलगी तो हप्ता भरणारच होती. प्रश्न माघ-फाल्गुनातल्या हप्त्यांचा होता.

हे कर्ज काढण्याचा सल्ला मीच दिला होता, म्हणून थोडा हिशेब मांडतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. चार वर्षे दरसाल १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरले, तर तोपर्यंतचे सरळव्याजच १ लाख ४० हजार होते. पुढे १० वर्षांत फेडायचे म्हटल्यास महिन्याला सुमारे ७,१०० रुपये लागतात. कॅम्पसमधूनच नोकरी मिळणाऱ्या इंजिनिअरला ही रचना सोयीची आहे. चित्रकाराचा जम बसायला मात्र पाच-सात वर्षे सहज जातात, आणि तोवर मूर्तिकाम, लग्नाचे स्टेज, भिंतीवरची चित्रे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या शिकवण्या अशी तुकड्या-तुकड्यांची कमाई असते. पूर्वी शाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या नोकरीचा आधार वाटायचा. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर पट असेल तर, कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, पुरेसा मानला आहे. शिवाय वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे हप्ता थकला की त्यांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा गुणांक, बिघडतो.

आपण या शहराला अभिमानाने कलापूर म्हणतो. चित्रकार आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांनी दरबारचा आश्रय दिला, आणि त्या पैशांची परतफेड करायची नव्हती, एवढे तरी आपण लक्षात ठेवायला हवे. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. रंगकामाचा धंदाच त्यांचे आडनाव झाला आणि नाटकांचे पडदे रंगवूनच त्यांनी सुरुवात केली. पडद्यांच्या त्या मिळकतीवर दरमहा हप्ता असता, तर पुढे सिनेमाचा कॅमेरा घडवण्याचा खटाटोप त्यांना परवडला असता का, ही शंका मला राहून राहून येते.

कर्ज माफ करावे, असे माझे म्हणणे नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून विद्यार्थ्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच करातून वसुली होते. तेवढे लांब जायचे नसेल, तर आपल्या जिल्ह्यातल्या विकास सेवा सोसायट्यांकडे पाहावे. पीककर्ज घेणाऱ्या ऊसकऱ्याकडे कोणी दरमहा हप्ता मागत नाही. वसुली होते ती ऊसबिलातून. भाचीच्या कर्जाला असाच वार्षिक हप्ता का नसावा, असे मी एका बँक अधिकाऱ्याला विचारले. ते सज्जन होते, त्यांनी चहाही पाजला आणि म्हणाले, "उसाची नोंद सातबाऱ्यावर असते हो, आखणीची कुठे असते?"