फाटकापलीकडची घरे

छत्रपती संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मान्यता दिली, तेव्हा आमच्या जुन्या पासधारकांच्या गटावर रात्री उशिरापर्यंत अभिनंदनाचे संदेश येत होते. मलाही आनंद झाला होता. जालन्याच्या बँकेत सोळा वर्षे नोकरी करताना क्रॉसिंगसाठी, म्हणजे एकेरी रुळावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी, बाजूला काढलेल्या गाडीत किती तास बसून काढले याचा हिशेब ठेवला असता, तर तो निवृत्तिवेतनाच्या कागदांना जोडता आला असता, असे आम्ही गमतीने म्हणत असू. मात्र दुसरा रूळ कशासाठी हवा, या प्रश्नाचे उत्तर जो तो वेगवेगळे देतो. कुणाला वंदे भारत आणखी वेगाने हवी आहे, कुणाला मुंबईची दुसरी रात्रगाडी हवी आहे, उद्योजकांना मालगाड्या हव्या आहेत. या मार्गाच्या दोन्ही अंगांना गेल्या तीस वर्षांत जी घरे उभी राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत जी उभी राहणार आहेत, त्या घरांतल्या माणसांना रोज कामावर जाण्यासाठी रेल्वे मिळणार का, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

माझेच उदाहरण देते. आम्ही राहायला छत्रपती संभाजीनगरच्या सिडको एन-2 मध्ये. मुकुंदवाडीचे रेल्वे स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण मला सोयीची असलेली गाडी तिथे थांबत नसे. म्हणून रोज सकाळी रिक्षाने उलट्या दिशेला, मुख्य स्थानकावर जायचे, तिथे गाडीत बसायचे, आणि काही मिनिटांनी तीच गाडी मुकुंदवाडीच्या फलाटाला न थांबता आपल्याच वस्तीजवळून पुढे निघून जाताना खिडकीतून पाहायचे. रिक्षाचे भाडे रेल्वेच्या पासाला लाजवणारे होते. संध्याकाळी परतताना हाच फेरा पुन्हा, आणि तोही अंधारात. माझ्याबरोबरच्या दोघीजणींनी अखेर या फेऱ्याला कंटाळून एस. टी. धरली.

मुकुंदवाडीला निदान फलाट तरी आहे. याच शहरातल्या सातारा-देवळाई भागाची स्थिती याहून वाईट आहे. रुळाच्या दक्षिणेला हा सगळा भाग आमच्या डोळ्यांदेखत वाढला. आधी शेते, मग गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेले प्लॉट, मग रो-हाऊस, आणि आता सात-सात मजली इमारती. रूळ या वस्तीच्या उशालाच आहेत, पण तिथल्या रहिवाशांना रेल्वेची ओळख आहे ती बंद फाटकाच्या रूपाने. शिवाजीनगरच्या फाटकावर शाळेच्या बस, रुग्णवाहिका आणि दुचाक्यांची रांग पाहिली नाही असा माणूस या भागात सापडणार नाही. तिथल्या भुयारी मार्गासाठी लोकांना कित्येक वर्षे भांडावे लागले. त्या साऱ्या भांडणात ‘आम्हाला रूळ ओलांडू द्या’ ही मागणी होती; ‘आम्हाला गाडीत बसू द्या’ ही मागणी कुणाच्या मनातही आली नाही, कारण रेल्वे ही लांबच्या प्रवासाची गोष्ट आहे, तिरुपतीला किंवा मुंबईला जाण्याची, अशी आपली पक्की समजूत आहे.

ही समजूत मार्गाच्या जन्मापासूनची आहे. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून टाकला गेला, तो कापूस आणि धान्य बाहेर नेण्यासाठी आणि दोन दूरची टोके जोडण्यासाठी. शहराचे स्थानक तेव्हा वस्तीच्या दक्षिणेला, मोकळ्या माळावर होते. शंभर वर्षांत शहर त्या माळावर येऊन रुळांपलीकडे गेले, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 75 हजार झाली, 1990 च्या दशकात ब्रॉडगेज आले, अलीकडे विजेच्या तारा आल्या. पण दौलताबाद, संभाजीनगर, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूर, दिनागाव, जालना ही स्थानकांची माळ जवळजवळ तशीच राहिली. या माळेकडे नीट पाहिले तर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, शेंद्र्याची ऑरिक ही औद्योगिक नगरी, दिनागावजवळचे ड्राय पोर्ट (कंटेनरमधला माल हाताळणारे जमिनीवरचे बंदर) आणि जालन्याचे पोलाद कारखाने हे सगळे याच रुळांना लागून किंवा रुळांपासून थोड्याच अंतरावर आहे. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसांचा लोंढा मात्र जालना रस्त्यावर, कंपन्यांच्या बसमध्ये आणि दुचाकींवर. त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या आपण इतक्या वाचल्या आहेत की आता पान उलटतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुलीसाठी करमाडच्या बाजूला एक फ्लॅट पाहिला होता. बांधकाम व्यावसायिकाचे नाव लिहित नाही. त्याच्या माहितीपत्रकात ‘नियोजित लोकल स्थानकापासून पाच मिनिटे’ असे ठळक अक्षरांत छापले होते. हे नियोजन कुणी केले, कोणत्या आराखड्यात दाखवले आहे, असे विचारल्यावर विक्रीच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, सगळेच लिहितात.” फ्लॅटच्या किमतीत मात्र ते न झालेले स्थानक धरलेले होते. माझ्या म्हणण्याचे मूळ इथेच आहे. स्थानकामुळे जमिनीचा भाव वाढतो, आणि स्थानक होण्याच्या नुसत्या अफवेनेही वाढतो; पण त्या वाढीतला एक रुपयाही फलाट बांधायला येत नाही. तो मधल्यामध्ये जातो, आणि मग फलाट बांधायला पैसे नाहीत असे आपल्याला सांगितले जाते.

हे पैसे फलाटापर्यंत आणता येतात, आणि तेही याच राज्यात, आपल्याला चांगल्याच ओळखीच्या असलेल्या सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाने, करून दाखवले आहे. नवी मुंबईत मानखुर्द ते वाशी हा उपनगरी मार्ग 1992 मध्ये सुरू झाला, त्या योजनेत खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने. जमीन सिडकोच्या हातात होती, ती विकून पैसा उभा राहिला. वाशी, बेलापूर इथे स्थानकांवरच कार्यालये आणि दुकाने बांधली गेली. तिकिटावर थोडा अधिभारही लागला. तिथेही पहिल्या रहिवाशांनी गाडीची वाट बरीच वर्षे पाहिली, हे विसरून चालणार नाही, पण निदान रूळ कुठून जाणार आणि स्थानक कुठे येणार याची जागा नकाशावर राखलेली होती. त्याच सिडकोने 1970 च्या दशकापासून आमच्या शहरात एन-1, एन-2 अशी सेक्टरांची अख्खी वसाहत उभी केली, बागा ठेवल्या, शाळांना भूखंड दिले, आणि 2006 मध्ये ती महानगरपालिकेच्या ताब्यात दिली. वसाहतीच्या कडेने जाणाऱ्या रुळांकडे मात्र नियोजनकारांनी हद्दीची भिंत म्हणूनच पाहिले. एकाच संस्थेच्या दोन शहरांतला हा फरक मला आजही उलगडत नाही. मराठवाड्यावर अन्याय झाला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही; पण आपणही तेव्हा मागितले नाही.

रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. एकेरी मार्गावर प्रत्येक नवा थांबा म्हणजे मागच्या गाडीला उशीर, समोरून येणाऱ्या गाडीला खोळंबा आणि वेळापत्रकाची ओढाताण. शिवाय लांब पल्ल्याची गाडी दर पाच-सात किलोमीटरवर थांबवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. जालना-मुंबई वंदे भारत 2023 च्या अखेरीस सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडपर्यंत वाढली. ती मुकुंदवाडीला थांबवा असे मी कधीही म्हणणार नाही. (आमच्या गटावर असे म्हणणारे आहेत, त्यांनी रागावू नये.) जवळच्या थांब्यांसाठी मेमू ही लोकलसारखी गाडी असते. विजेवर चालणारी, पटकन वेग घेणारी, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे इंजिन फिरवण्याची कटकट नसलेली. तारा आधीच आल्या आहेत, दुसरा रूळ मंजूर आहे, म्हणजे ‘मार्गावर जागा नाही’ हे उत्तर आणखी काही वर्षांनी लागू पडणार नाही. तेव्हा दौलताबाद ते जालना या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ ठरावीक अंतराने मेमू धावायची असेल, तर फलाटांच्या जागा आजच ठरायला हव्यात. भराव टाकून, पूल बांधून, सिग्नल बसवून झाल्यावर मध्येच नवे स्थानक मागितले की खर्चही वाढतो आणि नकाराला कारणही मिळते.

राज्य सरकारला यात बोलण्याचा अधिकार नाही, हा तर्कही मला पटत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा भार राज्याने उचलला आहे. हा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिसंग्राम दिनी आली. बीडकरांच्या त्या दिवशीच्या डोळ्यांतले पाणी मी समजू शकते. पण या तीस वर्षांत स्थानक कुठे होणार हे सगळ्यांना ठाऊक असताना त्याच्या भोवतीच्या जमिनीची नगररचना योजना करण्यासाठी वेळ नव्हता, असे कसे म्हणणार? धाराशिवचा अनुभव तर आपल्यासमोर होता. बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेजचे रुंदीकरण करताना मार्ग वळवून धाराशिवला रेल्वे दिली गेली, हे चांगलेच झाले; पण स्थानक गावापासून इतके दूर पडले की रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्याला तिकिटापेक्षा रिक्षाचीच धास्ती. लातूरचेही जुने स्थानक गावात होते, नवे बाहेर गेले. स्थानक बाहेर गेले तरी हरकत नाही, जर त्याच्याभोवती घरे, बाजार आणि शहर बस आखून येणार असतील. आपल्याकडे येतात ते एनए लेआऊट, म्हणजे बिगरशेती केलेल्या जमिनीवर आखलेले प्लॉट. त्यांतले नऊ मीटरचे रस्ते रेल्वेच्या हद्दीच्या खांबापाशी येऊन आंधळे होतात, आणि समोर फलाट दिसत असूनही दोन किलोमीटरचा वळसा घालावा लागतो.

आता जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा नवा मार्ग येतो आहे. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला केंद्राची मान्यता मिळाली, राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा ही गावे प्रथमच रेल्वेच्या नकाशावर येतील, आणि इथेही निम्मा खर्च राज्याचाच आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर घेणारा माणूस मेट्रोच्या नावाने मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या 1 टक्का अधिभार भरतो. तसा सरसकट अधिभार सिल्लोडच्या शेतमजुराच्या घरावर लावावा असे मी म्हणणार नाही. पण नियोजित स्थानकापासून एक किलोमीटरच्या आत ज्यांना वाढीव चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची परवानगी) मिळते किंवा शेतीचे लेआऊट मंजूर करून मिळते, त्यांच्याकडून वेगळे विकास शुल्क घेऊन ते त्याच स्थानकाच्या पोचरस्त्यासाठी, पादचारी पुलासाठी आणि वाहनतळासाठी बांधून ठेवता येईल. अशा पट्ट्यात लहान घरांचे प्रमाणही ठरवून द्यावे लागेल, कारण रेल्वेची खरी गरज ज्याला आहे तो कामगार स्थानकाजवळ राहू शकला नाही, तर आपण फक्त गुंतवणूकदारांच्या रिकाम्या फ्लॅटसाठी फलाट बांधू.

देवळाईच्या बाजूला रुळांलगत अजून काही मोकळे तुकडे आहेत. गेल्या आठवड्यात त्यांतल्या दोन तुकड्यांवर चुन्याने प्लॉट आखलेले दिसले. फलाटाला लागणारी चिंचोळी पट्टी, तिच्यापर्यंत येणारा एक बारा-पंधरा मीटरचा रस्ता आणि रिक्षा वळवायला चौक, एवढी जागा विकास आराखड्यात आरक्षित करावी, असा अर्ज आम्ही सात जुन्या पासधारकांनी तयार केला आहे. एक प्रत महानगरपालिकेला जाईल, दुसरी रेल्वेच्या नांदेडच्या विभागीय कार्यालयाला. सातारा-देवळाई, मुकुंदवाडी आणि चिकलठाणा इथे राहणाऱ्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी आपण कामाला कुठे जाता, किती वाजता निघता आणि सध्या कशाने जाता, एवढे तीन तपशील नावासोबत लिहून द्यावेत, म्हणजे प्रवासी कुठे आहेत असे विचारले गेले तर कागद दाखवता येईल.