चेर्नोबिलची मुलं, चार आठवडे आणि दोन बाणांचा फॉरवर्ड

एप्रिल आला की आंब्याच्या पेट्यांचे आणि चेर्नोबिलचे मेसेज एकदमच सुरू होतात. यंदाचा आधी आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडला, मग ताईच्या कोथरूडच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या. डोक्यावर दोन बाण, म्हणजे बराच फिरून आलेला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश असा की आयर्लंड, इंग्लंड, इटलीतल्या काही संस्था चेर्नोबिलच्या अणुअपघाताची झळ लागलेल्या भागातल्या मुलांना महिनाभर लोकांच्या घरी ठेवतात, त्या मुलांच्या अंगातलं रेडिएशन घरच्यांना लागतं, ही मुलं जन्मतःच विकृत असतात, चार आठवड्यांनी कोणी बरं होत नाही आणि इतक्या वर्षांनी आता तिथे काही उरलेलंही नाही, विमानाच्या पैशात तिथेच हजार मुलांवर उपचार झाले असते, खरा धंदा मुलं पळवायचा आहे, ही गोऱ्या श्रीमंतांची फॅडं आहेत, आणि शेवटी अर्थातच "आता हे पुण्यातही येणार, सावध रहा". खाली एका अपंग बाळाचा फोटो. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर, "असली मुलं घरात घेणारे मूर्खच". पुढे सात अंगठे.

काका, मी त्या मूर्खांपैकी एकीच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षं भाड्याने राहिलेय. २००७ ते २००९, आयर्लंडमधे कॉर्कजवळ. ह्यांची ऑनसाईट, माझा डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही आणि करायला दुसरं काही नाही. घरमालकीणबाई साठीच्या, त्यांच्याकडे जुलैत बेलारूसच्या गोमेल भागातल्या एका खेड्यातून दोन मुली यायच्या, एक नऊ वर्षांची, एक अकरा. मी मदतीला म्हणून खाली जायचे ती दुपारची संध्याकाळ व्हायची. त्यामुळे एकेक घेते.

पहिलं, "रेडिएशन लागतं". नाही लागत. गोवर लागतो, खरूज लागते, उवा लागतात (उवा लागल्या, मला, पण त्या गावातल्या समर कॅम्पमधल्या होत्या, बेलारूसच्या नव्हे). अपघात झाला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, युक्रेनमधे चेर्नोबिलला चार नंबरची अणुभट्टी फुटली आणि जो किरणोत्सारी कचरा उडाला त्यातला मोठा वाटा वाऱ्याने आणि पावसाने शेजारच्या बेलारूसवर पडला. त्यातलं आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे त्याच उन्हाळ्यात ते संपलं. पण संपायच्या आत ते गवतातून गायीत, दुधातून पोरांच्या थायरॉईडमधे गेलं. त्या वेळी १८ वर्षांखाली असलेल्यांमधे २००५ पर्यंत थायरॉईड कॅन्सरच्या ६,००० हून जास्त केसेस निघाल्या, त्यामुळे "काही झालंच नव्हतं" असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण २००८ सालात जी मुलगी नऊ वर्षांची होती तिच्या अंगात असून असून काय असणार, तर त्याच कचऱ्यातलं, जेवणातून गेलेलं थोडं सीझियम-१३७. ते पोटॅशियमसारखं वागतं, स्नायूंत पसरतं आणि लघवीवाटे निघून जातं. आता गंमत अशी की खरं पोटॅशियमही थोडं किरणोत्सारी असतं, काकांच्या अंगात, माझ्या अंगात, सकाळी जॉगिंगला जाणाऱ्या सगळ्यांच्या अंगात किलोमागे साधारण ६० बेक्वेरल (किरणोत्सार मोजायचं माप) आहे आणि जन्मापासून आहे. त्या मुलांच्या अंगात मोजलं जाणारं सीझियमही बहुतेक वेळा याच पट्टीतलं किंवा त्याहून कमी. म्हणजे रेडिएशनच्या भीतीने कोणाला घराबाहेर काढायचं तर आधी नवऱ्याला काढावं लागेल, त्याचं वजन जास्त आहे.

या "लागतं"चं पुढे काय होतं तेही माहितीय आपल्याला. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांची लग्नं जमेनात. आणि फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर घर सोडून योकोहामाला आलेल्या एका मुलाला शाळेतली पोरं "जंतू" म्हणून चिडवायची, ती बातमी २०१६ मधे जपानभर गाजली.

दुसरा तो फोटो. या कार्यक्रमात महिनाभर येणारी बहुसंख्य मुलं शाळेत जाणारी, धडधाकट, फार तर जरा फिकट आणि किडक्या दातांची. काही संस्था अनाथाश्रमातल्या अपंग मुलांसाठी वेगळं काम करतात, तिथले फोटो सगळीकडे वापरले जातात आणि खरं सांगायचं तर वर्गणीसाठी काही संस्थांनी स्वतःच ते वापरले, त्याचा मला तेव्हाही राग यायचा. आईबापांना रेडिएशन लागलं म्हणून मुलं विकृत जन्मतात, हे आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. २०२१ मधे "सायन्स" या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सफाईला गेलेल्या कामगारांची आणि तिथून हलवलेल्या लोकांची १३० मुलं तपासली होती, नेहमीपेक्षा जास्त जनुकीय बदल काही सापडले नाहीत.

तिसरा मुद्दा, चार आठवड्यांनी काय होतं, शिवाय आता चाळीसेक वर्षं झाली. इथे मात्र नीट बोलायला हवं कारण यात थोडं तथ्य आहे आणि उलट बाजूनेही बरंच फेकलं जातं.

आधी चाळीस वर्षांचं. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा पडलेल्यातलं अजून शंभरातलं चाळीसेक आहेच. ते रस्त्यावर वगैरे नाही बसलेलं, जंगलाच्या मातीत आहे. तिथून मशरूममधे, ब्लूबेरीत, शिकारीच्या मांसात, जंगलाकडेला चरणाऱ्या गायीच्या दुधात. आणि हे कोण खातं? ज्याला दुकानातलं परवडत नाही तो. जंगलातलं लाकूड चुलीत जाळायचं आणि ती राख परसातल्या बटाट्याला खत म्हणून घालायची, सीझियम राखेतच साठतं, म्हणजे बघा कसं फिरून ताटात येतं. शहरात नोकरी करणाऱ्या माणसापेक्षा खेड्यातल्या विधवेच्या नातवंडांच्या अंगात ते जास्त सापडायचं ते यामुळे.

आता चार आठवडे. मोठ्या माणसाच्या अंगातलं सीझियम निम्मं व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात, दहा वर्षांच्या मुलाला दीड-दोन. म्हणजे महिनाभर स्वच्छ खाल्लं तर अंदाजे तिसरा हिस्सा जातो. पण परत गेल्यावर तीच मशरूम, तेच दूध, की पुन्हा भरतं. काही संस्थांची पत्रकं म्हणायची की एक महिना म्हणजे आयुष्याची दोन वर्षं वाढली. आयुष्य काय एफडी आहे का असं मोजायला? ते वाक्य मी कधीच कोणाला सांगितलं नाही, आमच्या घरमालकीणबाई पण नाही सांगायच्या, त्या म्हणायच्या दोन वर्षांचं देवाला माहीत, पोरीची चार भोकं तर बुजली. दातांची. गावातला डेंटिस्ट त्या मुलींचे पैसे घ्यायचा नाही. धाकटीला चष्मा लागलेला होता हे तिथे आल्यावर कळलं, तोवर ती वर्गात पहिल्या बाकावर का बसते हे तिच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचा हिशोब असा की दूषित भागात राहिलेल्या लाखो लोकांना पहिल्या वीस वर्षांत सरासरी ९ मिलीसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं माप) आसपास रेडिएशन मिळालं. पोटाचा एक सीटी स्कॅन काढला की साधारण तेवढंच मिळतं, आणि आपल्याकडे लोक पोट दुखलं की स्वतःहून मागून काढतात. सरासरी आहे, काहींना बरंच जास्त मिळालं, मान्य. मग प्रश्न असा की एवढंच होतं तर मुलांना न्यायचं कशाला? याचं उत्तर मला २००५ च्या चेर्नोबिल फोरमच्या अहवालात सापडलं, त्यात जागतिक आरोग्य संघटना होती, अणुऊर्जा संस्था होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की या अपघाताने झालेला सार्वजनिक आरोग्याचा सगळ्यात मोठा प्रश्न मानसिक आहे. आपण आजारीच आहोत, आपलं काही खरं नाही, हे ऐकत एक अख्खी पिढी वाढली.

धाकटी पहिल्या दिवशी बागेत उभीच राहिली. बस म्हटलं तर बसेना. दुभाषी बाई आल्या तेव्हा कळलं, ती विचारत होती की इथल्या गवतावर बसलं तर चालतं का. घरी आजीने जंगलात जायचं नाही, पानं गोळा करायची नाहीत असं बजावलेलं, आणि ते तिथे बरोबरच होतं. चार दिवसांनी ती पोर गवतात लोळत होती आणि तिच्या फ्रॉकवरचे हिरवे डाग निघता निघेनात. एकदा मी शिरा केला, वेलदोडा-केशर घालून साग्रसंगीत, पहिला घास घेतला आणि ओरडली, "मान्नाया काशा!" रव्याची लापशी हो, तिकडे सगळ्या पोरांना सकाळी हेच खायला घालतात, आणि बरीचशी नाक मुरडतात. मी आपली परदेशी पक्वान्न म्हणून वाढत होते. पण वेलदोडा आवडला, तीनदा घेतला.

याला आपल्याकडे शब्द आहे, हवापालट. टायफॉईडनंतर पोराला पाचगणीला नाहीतर आजोळी पाठवायचे तेव्हा कोणी विचारलं का की महिन्याभरात टायफॉईडचे किती जंतू कमी होणार? संस्थेने त्याला उपचार म्हटलं ही संस्थेची चूक, आणि फॉरवर्डवाल्याने तेच धरून "मग बरे का होत नाहीत" विचारलं ही याची.

चौथा, पैशांचा. हा खरा मुद्दा आहे आणि यावर मी भांडणार नाही. विमानं महाग. तिथेच स्वच्छ दूध, तपासणी, गायींना प्रशियन ब्लू देणं (त्याने सीझियम गायीच्या पोटातच अडकतं आणि दुधात उतरत नाही) हे जास्त लोकांपर्यंत पोचतं. आदी रोशबाईंनी १९९१ मधे आयर्लंडमधे सुरू केलेली संस्था तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियाही करवते आणि अनाथ मुलांना घरंही मिळवून देते, नुसत्या सहली नाहीत. पण फॉरवर्डमधला हिशोब धरून चालतो की विमानाचे पैसे वाचले तर ते आपोआप गोमेलच्या दवाखान्यात जमा होतील. आमच्या घरमालकीणबाईंनी केक विकून, पबमधे क्विझ भरवून तिकिटाचे पैसे जमवले, कारण दोन मुली त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसणार होत्या. दवाखान्याच्या मशीनसाठी गावाने एवढे केक खाल्ले नसते. गणपतीची वर्गणी आणि सोसायटीचा मेंटेनन्स यात किती उत्साहाने पैसे देतो ते आपापलं आठवा.

पाचवा, मुलं पळवतात. घरी ठेवणाऱ्यांची आधी पोलिसांकडून पडताळणी, गटाबरोबर तिकडची शिक्षिका किंवा दुभाषी, तारीख ठरलेली. तरी गडबडी झाल्या. २००६ मधे इटलीत एका जोडप्याने मुलीला परत पाठवायला नकार देऊन लपवून ठेवलं, तिकडच्या अनाथाश्रमात तिचा छळ होतो म्हणून. २००८ मधे अमेरिकेत एक मुलगी स्वतःच परत जाईना. बेलारूस सरकारने मग लेखी करार केल्याशिवाय कोणाला मुलं न्यायचीच नाहीत असं ठरवलं आणि त्या शरद ऋतूत आमच्या गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं, आयर्लंडने काही महिन्यांत करार केला तेव्हा कुठे पुढची तिकिटं निघाली. एकट्या इटलीत लाखांच्या घरात मुलं जाऊन आली, त्यात बोटांवर मोजण्याएवढ्या अशा घटना. आणि परत जाताना मुलाला त्रास होतो का? होतो. आम्हालाही झाला.

सहावा, ही गोऱ्या श्रीमंतांची फॅडं. क्यूबा गोरा पण नाही आणि श्रीमंत तर नाहीच. हवानाजवळच्या ताराराला समुद्रकाठी त्यांनी १९९० ते २०११ अशी वीस-एकवीस वर्षं चेर्नोबिलची २० हजारांवर मुलं ठेवून घेतली, फुकट, आणि तीही सोव्हिएत मदत बंद होऊन स्वतःकडे साबण मिळत नव्हता त्या काळात. आणि परक्यांची मुलं आपल्याकडे कोण बघतं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून रशियामार्गे हाल काढत आलेले सुमारे ५ हजार निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शांतिलाल मुथ्था आणि त्यांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली १,२०० मुलं पुण्यात आणून शिकवली, वाघोलीला. ती घरांत राहिली नाहीत, संस्थेत राहिली, ते वेगळं. पण काका, तुम्हीच दिवाळीच्या फराळाला सांगत होतात ना, तुमचे वडील पुण्यात वार लावून जेवून शिकले? सात घरं, सात वार, कोणाचं कोणाशी नातं नाही. त्या सात बायकांना कोणी मूर्ख म्हटलं होतं का?

राहता राहिलं "आता पुण्यातही येणार". २०२० ला कोविड, २०२१ मधे बेलारूसने एक परदेशी प्रवासी विमान जबरदस्तीने आपल्या राजधानीत, मिन्स्कला उतरवून घेतल्यावर युरोपने बेलारूसची विमानं बंद केली, २०२२ ला युक्रेनचं युद्ध. बऱ्याच संस्थांचं हे काम तिथेच थांबलं. कॉर्कला कोणी येत नाहीये, सिंहगड रोडला कुठून येणार, आमच्याकडे तर टँकर पण वेळेवर येत नाही.

२००९ च्या जुलैत त्या गेल्या तेव्हा बाथरूममधल्या काट्यावर बॅगा तीनदा मोजल्या, २० किलोच्या वर नको म्हणून. कोट, व्हिटॅमिनच्या बाटल्या, दोन वर्षं पुढच्या मापाचे बूट. धाकटीने एक स्वेटर काढून ठेवला आणि त्या जागी माझ्याकडची वेलदोड्याची छोटी डबी ठेवली, आजीच्या काशासाठी.