कॅन्सल मी केलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं!

काल दुपारी सव्वाबारा ते एक. तब्बल पाऊण तास माझी आई डायलिसिस संपवून हॉस्पिटलच्या फाटकाशी बसून होती. डाव्या हाताला फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या शिरेवर, कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी, आणि तो बोळा उजव्या हाताने दाबून धरलेला. चार तास मशीनवर काढलेल्या माणसात त्राण उरत नाही. बीपी उतरलेलं असतं, पाय लटपटतात. वॉचमनकाकांनी स्वतःची खुर्ची दिली म्हणून तिला बसता तरी आलं. मी शेजारी उभी राहून फोनच्या पडद्यावर रिक्षा बोलावायच्या अ‍ॅपचं ते फिरणारं चक्र बघत होते.

पहिली रिक्षा लागली. चार मिनिटांत येते म्हणे. लगेच फोन. "ताई, ड्रॉप कुठंय?" धायरी, पुण्याच्या पार कडेला. "धायरीत कुठं?" फाट्यापासून आत. पलीकडून नुसतं "बरं" आणि फोन बंद. नकाशावर रिक्षा नळस्टॉपच्या चौकात उभी. दोन मिनिटं झाली, पाच झाली, ती जागची हलेना. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला. तो स्वतः कॅन्सल करत नाही, कारण केलं तर त्याच्या नावावर लागतं. तो फक्त थांबतो. माझी आई उन्हात बसलेली आहे, मला दुसरी रिक्षा शोधायची आहे, मग शेवटी बटण कोण दाबतं? मी. कारण विचारतात तिथे मी "चालक येत नाहीये" निवडलं आणि पुढची विनंती टाकली. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने निदान तोंडावर सांगितलं, "दोनशे रुपये द्या, हाफ रिटर्न लागेल, नाहीतर तुम्हीच कॅन्सल करा." हाफ रिटर्न म्हणजे परतीच्या रिकाम्या फेरीचं अर्धं भाडं. चौथा आणि पाचवा पुन्हा पहिल्यासारखेच.

पाच वेळा "प्रवाशाने रद्द केले". पाचही वेळा माझ्या नावावर. माझं डोकं फिरलंय ते यामुळेच, कारण मी नोकरी वाहतूक नियोजनात करते. मला माहीत आहे या नोंदींचं पुढे काय होतं.

पुढे असं होतं, की शहराचा वाहतूक आराखडा करताना मागणी मोजायची म्हणून पूर्ण झालेल्या फेऱ्या घेतात. या झोनमधून त्या झोनला किती माणसं गेली, किती वाजता गेली, किती वेळ थांबली. रद्द झालेल्या विनंत्या "नॉइज", म्हणजे निरुपयोगी कचरा, म्हणून गाळून टाकतात. एकाच माणसाने दहा मिनिटांत पाच विनंत्या टाकल्या तर ती दुबार नोंद, तीही गाळा. मग उरलेल्या फेऱ्यांवरून थांबण्याच्या वेळेची सरासरी काढायची. ज्यांना गाडी मिळाली त्यांचीच सरासरी! ज्यांना मिळालीच नाही ते कुठल्याच रकान्यात नाहीत. मी स्वतः बैठकीत बसून पडद्यावर "सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांच्या आत" असं वाचलं आहे आणि चहा पिता पिता माना डोलवणारी माणसं पाहिली आहेत. त्या दिवशी मी बोलले नाही. आज बोलते. तो आकडा खोटा आहे. बेरीज-भागाकार बरोबर असेल, तरीही खोटा आहे.

धायरीकडे जाणाऱ्या पाच विनंत्या फुकट गेल्या, तर मागणीचा अंदाज काढणारं संगणकावरचं मॉडेल म्हणतं दुपारी एक वाजता धायरीला मागणी नाही. मागणी नाही म्हणून तिकडे गाड्या वळवायचं कारण नाही, मुख्य मार्गापर्यंत पोचवणारी फीडर बस द्यायचं कारण नाही. पुढच्या वर्षी तीच आकडेवारी पुन्हा वापरायची. एखाद्या वस्तीला पाणीच सोडायचं नाही आणि मीटर शून्य दाखवतो म्हणून तिथल्या लोकांना तहान लागत नाही असं लिहायचं, तसं चाललंय हे!

आणि नुसतं रिक्षावाल्यांना शिव्या घालून हात झटकणाऱ्यांचाही मला संताप येतो. फोन न उचलता थांबून राहिला त्याला मी माफ करणार नाही, आजारी माणूस आहे हे सांगितल्यावरही तो हलला नाही. परवानाधारक रिक्षाने भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या तिसऱ्याने "हाफ रिटर्न" हे जे दोन शब्द वापरले, त्यात आमच्या अख्ख्या क्षेत्राचा प्रश्न आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याचा मीटर ठरला तो पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17. माझं अंतर आठेक किलोमीटर, म्हणजे त्या दराने साधारण 135 रुपये. ठीक. पण भर दुपारी धायरीतून परत यायला त्याला भाडं मिळत नाही. तो आठ किलोमीटर रिकामा येणार, सिंहगड रोडच्या गर्दीत गॅस जाळत. म्हणजे 135 रुपयांत सोळा किलोमीटर, वर मला घ्यायला येण्याचं अंतर वेगळं. नळस्टॉपला उभं राहून त्याच वेळात त्याला डेक्कन, कोथरूडची तीन छोटी भाडी मिळतात. तो मनात तेच गणित करतो जे आम्ही संगणकावर करायला हवं होतं आणि केलं नाही.

रिकाम्या फेरीला आमच्याकडे डेड मायलेज म्हणतात. हा काही कालपरवा लागलेला शोध नाही, मागणीनुसार चालणाऱ्या कुठल्याही वाहनसेवेचा हा पहिला धडा आहे. केंद्राने जुलै 2025 मध्ये अ‍ॅग्रीगेटरांसाठी, म्हणजे अ‍ॅपवरून गाडी जोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी, नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही डेड मायलेजचा उल्लेख आहे. मूळ भाडं किमान तीन किलोमीटरचं धरायचं, म्हणजे प्रवाशाला घ्यायला येण्याचा खर्च त्यात निघेल. बरं, पण तो येण्याचा. सोडल्यानंतर परत रिकामं जाण्याचं काय? शहराच्या कडेला राहणाऱ्यांचं सगळं दुखणं त्या परतीच्या फेरीत आहे. त्याच सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत भाडं वाढवायला परवानगी आहे, 2020 च्या सूचनांत ती दीडपट होती. आणि सबळ कारण नसताना फेरी रद्द केली तर भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये दंड. चालकाने केली तर चालकाला, प्रवाशाने केली तर प्रवाशाला. वाचायला किती सारखं वाटतं ना? पण बटण प्रवाशाकडूनच दाबून घेतलं जात असेल तर त्या नियमाचा माझ्या आईला काय उपयोग?

परदेशातले दाखले देणाऱ्यांनाही एक सांगायचंय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा 2017 चा अभ्यास आमच्याकडे प्रत्येक सादरीकरणात येतो: न्यूयॉर्कच्या तेरा-चौदा हजार टॅक्सींचं 98 टक्के काम चार जणांच्या 3,000 शेअर गाड्या करू शकतील, तेही सरासरी तीन मिनिटांच्या आत प्रवाशापाशी पोचून. काम उत्तम आहे, मी ते मन लावून वाचलं आहे. पण त्यात मागणी म्हणून घेतल्या त्या प्रत्यक्षात झालेल्या टॅक्सी फेऱ्या, आणि त्या गणितातली गाडी सांगितलं तिथे जाते. ती "ड्रॉप कुठंय" विचारत नाही. ते सूत्र जसंच्या तसं उचलून पुण्यावर बसवता कशाला? इथली रिक्षा एका माणसाची आहे, तिच्यावर कर्ज आहे, तिला नाही म्हणता येतं.

आणि नाही म्हणण्याचे परिणाम साखळीने वाढत जातात. जवळची रिक्षा नकार देते, मग अ‍ॅप लांबची शोधतं. लांबची मला घ्यायला निघाली की तेवढा वेळ ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मोकळ्या रिक्षा आणखी कमी, पुढच्या माणसाला त्याहून लांबची. अर्धा ताफा भाडं न घेता नुसता भाड्यामागे धावत राहतो. हे अर्थशास्त्रज्ञांनी कधीच लिहून ठेवलंय. तरी आमच्याकडे मॉडेलमध्ये नकाराचं प्रमाण शून्य धरतात. शून्य! का, तर त्याची माहिती उपलब्ध नाही. उपलब्ध नाही म्हणजे काय? अ‍ॅपकडे प्रत्येक विनंती, प्रत्येक फोन, नकाशावर थांबलेलं प्रत्येक मिनिट आहे. ते देत नाहीत आणि मागणारे मागत नाहीत. त्यात आता काही अ‍ॅपनी रिक्षावाल्याकडून कमिशनऐवजी रोजची ठरावीक रक्कम घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांचं म्हणणं, भाडं त्याचं आणि तुमचं आपसात, आम्ही फक्त गाठ घालून देतो. म्हणजे रिक्षा आली काय, न आली काय, यांचे पैसे सकाळीच जमा!

फिनलंडमधल्या हेलसिंकीत 2012 ते 2015 मागणीनुसार धावणाऱ्या छोट्या बस होत्या, कुट्सुप्लुस नावाच्या. सगळ्या मिळून पंधरा. खर्च झेपेना म्हणून बंद केल्या. पण तो खर्च सार्वजनिक संस्थेने आपला मानला होता, आणि काय चुकलं, किती पैसे गेले, ते अहवालात उघड लिहिलं. आमच्याकडे न झालेल्या फेरीचा खर्च कुणाच्याच वहीत नाही, कारण तो फाटकाशी बसलेली बाई भरते.

शेवटी काल रस्त्यावर हात करून एक रिक्षा थांबवली. पांढऱ्या मिशांचे काका होते. दोनशे म्हणाले, मी हो म्हटलं. उतरून त्यांनी आईचा उजवा हात धरला, "आज्जी, सावकाश, घाई नाही," म्हणाले आणि खड्डे चुकवत घरापर्यंत आणलं. रोख दिले. ही जी एकच फेरी खरोखर झाली, तीही कुठल्याच आकडेवारीत नाही.

आई रात्री जेवली नाही. "तुला माझ्यामुळे किती त्रास," एवढंच म्हणाली आणि कुशीवर वळली. तिच्यामुळे नाही गं. आठवड्यातून तीन वेळा, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी जाणाऱ्या माणसाची मागणीसुद्धा ज्यांना आधी कळत नाही, त्यांच्यामुळे! डायलिसिसइतकी पक्की वेळ कशाची असते? या फेऱ्या महिनाभर आधी लिहून देता येतील. परतीचं भाडं जुळवता येईल, दोन-तीन पेशंट एका गाडीत नेता येतील, हाफ रिटर्नचे पैसे महापालिकेने भरले तरी ते फार होणार नाहीत. हे गणित अवघड नाही. मी ते रोज करते, दुसऱ्यांच्या शहरांसाठी.

पुढच्या बैठकीत मला रद्द झालेल्या विनंत्यांचा रकाना हवा आहे, आणि बटण दाबण्याआधी रिक्षा किती मिनिटं जागेवर उभी होती त्याचाही. ते दोन रकाने आल्याशिवाय त्या सरासरीखाली मी सही करणार नाही. उद्या सकाळी आईच्या डायलिसिसचा सातचा स्लॉट आहे. सहाला विनंती टाकायला बसायचंय.