बोटांच्या ठशांत मुलाचा कल सापडत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: डीएमआयटी चाचणी करा, बोटांच्या ठशांवरून मुलाची उपजत बुद्धी कळते आणि मूल बघून शिकणारं, ऐकून शिकणारं की करून शिकणारं, म्हणजे त्याची शिकण्याची शैली, तीही कळते. त्याच्या बाजूने केले जाणारे दावे एकेक करून बघू.

‘मेंदू आणि ठसे गर्भात पेशींच्या एकाच थरातून घडतात.’ खरंय. पण केस, नखं आणि दातांचं एनॅमलही त्याच थरातून घडतं. नखं बघून कुणी गणिताची गोडी सांगत नाही. ठसे जन्माआधीच कायमचे ठरतात, मेंदू मात्र विशी उलटेपर्यंत घडत असतो. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलंय.

‘हा हॉवर्ड गार्डनरचा सिद्धांत आहे.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्ता मांडली, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असं म्हटलं; त्यात ठशांचा संबंध नाही. या बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हेही त्यांनीच स्पष्ट केलंय.

‘शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं.’ ऐकायला पटतं. पण मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलांच्या आवडीनिवडी दिसल्या, शैली जुळवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. कसं शिकवायचं हे बहुतेकदा विषयच ठरवतो. नकाशा बघावाच लागतो, कविता कानावर पडावी लागते. आणि भाकरीचे चार तुकडे केले की ‘ऐकून शिकणाऱ्या’ मुलालाही पाव भाग म्हणजे काय ते कळतं.

‘करून बघायला काय जातं?’ वर्षं जातात. माझ्या ओळखीतल्या एका तिसरीतल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘करून शिकणारा’ असं आलं. तो ‘ब’ आणि ‘व’मध्ये अडखळायचा, वाचताना ओळ सुटायची, मोठ्याने वाच म्हटलं की पाणी प्यायला उठायचा. ‘त्याची शैलीच वेगळी,’ म्हणून घरच्यांनी वाचनाचा नाद सोडला. पाचवीत रीतसर तपासणी झाली, तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, निघाला. मुंबईत सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते; प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. वाचन अडतंय असं वाटलं तर तिथे जा, ठसे घेणाऱ्याकडे नको.

कल ओळखायचाय? कुणी न सांगता मूल पुन्हा पुन्हा काय करतं, कशात रमलं की जेवायची हाक ऐकू येत नाही, चुकलं तरी परत कशाला भिडतं, ते एका वहीत टिपत जा. कल बदलला तर बदलू द्या. आणि वर्गातही तेच दिसतं का, हे त्याच्या बाईंना विचारा.