दोन वाजता बॅकप, अकरा वाजता मेन स्विच

तारकर्लीला आमचं अकरा खोल्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणायचं कारण बोर्डावर तसं लिहिलंय, गावात अजून सगळे 'अण्णांचा लॉज'च म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या काळात सगळा कारभार एका लाल कापडी बांधणीच्या वहीत चालायचा, मग मी आलो आणि काँप्युटर आणला, बुकिंग, बिलिंग, जीएसटी सगळं सॉफ्टवेअरमध्ये. अण्णांनी वही बंद केली नाही. मी हसायचो.

24 डिसेंबर, संध्याकाळचे साडेपाच. अकराच्या अकरा खोल्या फुल, मुंबईवाले कणकवली सोडून पुढे आलेले, कोल्हापूरवाले फोंडाघाट उतरतायत आणि मी कोण कुठल्या खोलीत याची प्रिंट काढायला बसलो तर टेबलाखालून आवाज, कट् कट् कट्. मला वाटलं पाल चुकचुकतेय, म्हणून मी खरंच टॉर्च घेऊन पाल शोधली. वर येऊन बघतो तर स्क्रीन काळी आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ, डिस्क सापडत नाही. पालही सापडली नव्हती.

आता इथे एक कबुली देऊन टाकतो. त्या जूनपर्यंत आमची एएमसी होती, म्हणजे काँप्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, कुडाळचा एक पोरगा तीन महिन्यांनी यायचा, ब्लोअरने धूळ उडवायचा, रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायचा, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या खराब होतात, चहा पिऊन जायचा. वर्षभर काहीच बिघडलं नाही. मी म्हटलं काहीच बिघडत नाही तर पैसे कशाचे देतोय, आणि एएमसी बंद करून पाच रुपयांचं खोडरबर आणलं. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोरं करकरीत.

तरी फोन लावला. पोरगा देवमाणूस, कसालपर्यंत आलोय म्हणाला आणि खरंच अर्ध्या तासात आला (कुठल्याही टेक्निशियनच्या बाबतीत हे मी पहिल्यांदाच बघितलं). पहिला प्रश्न, "दादा, बॅकप आहे ना?"

आहे म्हणजे काय, रोज रात्री दोन वाजता आपोआप होतो, तूच सेट करून दिलायस! मी बाहेरची हार्ड डिस्क अशी ऐटीत काढून दिली, जशी मामी कुलूपबंद कपाटातून पाटल्या काढते. त्याने लॅपटॉपला लावली, जरा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "दादा, शेवटचा बॅकप मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरातला आहे." चौदा महिने! त्यात त्यानंतरचं एकही बुकिंग नाही, बाकी जागेत माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ, तीन भागांत.

असं कसं झालं याच्यावर आम्ही दोघं डोकं लावत असताना मागून अण्णा आले. "खंय गेला सगळा?" मी म्हटलं अण्णा, हा रात्री दोनला आपोआप बॅकप घ्यायचा, घेतलाच नाही मेल्याने. अण्णा शांतपणे म्हणाले की रात्री अकराला ऑफिसचा मेन स्विच ते स्वतः बंद करतात. रोज. "लायटीचा बिल कोण भरता?"

म्हणजे गेले चौदा महिने काँप्युटर बिचारा झोपेत बॅकप घेणार होता. आणि सकाळी तो चालू झाला की कोपऱ्यात पिवळा त्रिकोण यायचा, काहीतरी फेल झालं म्हणून, तो मी न वाचता फुली मारून घालवायचो. विंडोज सेव्हन आहे, 14 जानेवारी 2020 पासून त्याचे अपडेटच बंद झालेत, कुरकुरणारच, असा माझा समज. म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याकडे कोण बघतो.

तेवढ्यात पहिली गाडी आली. मग दुसरी. साइटवरून आलेली बुकिंगं मोबाईलवर दिसत होती पण फोनवर घेतलेली सगळी त्या कट् कट् डब्यात. कोणी यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवतोय, कोणी म्हणतोय आम्हाला समुद्राकडचीच खोली सांगितलेली, आणि प्रत्येकालाच समुद्राकडची सांगितलेली, खोल्या तशा चारच. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, नेमके दोन जर्मनही आले, तो मी मोबाईलवर अंगठ्याने भरला, पासपोर्ट नंबर तीनदा चुकला.

तेव्हा अण्णांनी चष्मा लावला आणि वही उघडली. "पुण्याचे, दोन मोठी एक पोर, 2000 जमा, सुरमई नको, वरची खोली." पुढचे. "ठाण्याचे, आजी सोबत, जिना नको." अकरा खोल्या वीस मिनिटांत वाटल्या. मी फक्त किल्ल्या देत होतो. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयीक करंट लागना नाय."

रात्री जेवताना त्या पोराने आणखी तेल ओतलं. म्हणे 2016-17 च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलची सिस्टीम हॅकरांनी अडकवली, दाराची नवी कार्डंच बनेनात, शेवटी साधारण 1500 युरो बिटकॉइनमध्ये मोजले आणि मग मालकाने पुन्हा जुन्या किल्ल्यांवर जायचं ठरवलं. अण्णांनी लाकडी ठोकळ्याची पितळी किल्ली हातात घेऊन जरा वेळ नुसती फिरवली. बोलले काही नाही, पण सोलकढी अजून एक वाटी घेतली.

डेटा काढायचा तर डिस्क पुण्याला पाठवा, खर्च नव्या काँप्युटरएवढा, आणि डेटा निघेलच याची गॅरंटी नाही. आणि जीएसटीचे हिशोब 72 महिने जपून ठेवायचे असतात, हे मला सीएने तेव्हाच का सांगावं! पोर्टलवर महिन्याचे आकडे होते पण त्या आकड्यांमागची बिलं गेलेली. अख्खा जानेवारी मी आणि बायको वही बघून चौदा महिन्यांची बिलं परत चढवत होतो, मी वाचायचो आणि ती टाइप करायची. अण्णांचं अक्षर मोडी नाही एवढंच.

एएमसी परत चालू केली. पोराने सांगितलं तीन कॉप्या हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर, म्हणून एक काँप्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर. बॅकपची वेळ दुपारी तीन ठेवलीय कारण तेव्हा अण्णा झोपलेले असतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुन्या लॅपटॉपवर सगळं परत उतरवून, एखादं बिल उघडून बघायचं, नुसतं 'सक्सेसफुल' असं हिरवं आलं म्हणजे ते उघडेलच असं नसतं.

परवाच्या सोमवारी ते चाललं होतं तेव्हा अण्णा नेमके लवकर उठले. पाठीशी उभे राहून बराच वेळ बघत होते. "गावला?" मी म्हटलं गावला, सगळं गावला. मग ते जाऊन खुर्चीत बसले, वही उघडली, तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'काँप्युटर चललो.'